माडाचं मीठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

पावसाळ्यानंतर आज प्रथमच वही उघडतोय. मध्यंतरी काही घडलं नाही असं नाही. शेजारच्या फणसाला कुयऱ्या लागल्या आणि माझ्या गुडघ्याला कळा. पण त्यासाठी शाई कशाला नासायची?

आज सकाळी दोन माणसं घरी आली. एक फौजदार, घाटावरचा, तरुण, बूट काढावेत की नाहीत या पेचात उंबऱ्यात उभा राहिलेला. दुसरी डॉक्टर वेदिका. शहराबाहेर आंब्याचं एक जुनं शीतगृह होतं, तिथे आता तिचं केंद्र आहे, कारण तिच्या यंत्राला गारवा लागतो. एका माणसाच्या आठवणीत दुसऱ्याला शिरता येतं, हे मी पेपरात वाचलं होतं. वासंतीने त्याच पेपरावर कोळंबी सोलली होती.

दोघं सुजयसाठी आली होती. सुजय माझा विद्यार्थी. पावसच्या वाटेवर सड्यावर, कातळाच्या माळावर, त्याची हापूसची बाग आहे. गेल्या महिन्यात मोहोरावर फवारणी करताना तो झाडावरून पडला. जीव राहिला, बाकी काही राहिलं नाही. हलत नाही, बोलत नाही, फक्त पापण्या मिटतो. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एवढं मी ऐकून होतो, पण बघायला जायचा धीर झाला नव्हता. ठाऊक नव्हतं ते हे, की तो पडायच्या आधीपासून, पौषापासून, त्याची बायको ज्ञानेश्वरी बेपत्ता आहे. मला सोडून गेली, मुंबईत असेल, असं तो सगळ्यांना सांगत होता. मुंबईत ती कुणाकडेच नाही. तिची आई काशीबाई लांज्याजवळच्या गावातून रोज एसटीने येते आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहते.

कोर्टाची परवानगी मिळाली आहे. अडलंय ते सोबत्यावाचून. डॉक्टर वेदिका म्हणाली, आठवणींच्या घरात शिरायला दार लागतं, आणि दार म्हणजे दोघांनी मिळून अनुभवलेला, दोघांनाही लख्ख आठवणारा एखादा प्रसंग. आणि रोग्याची संमती हवी. मुंबईच्या भावाचं नाव घेतल्यावर सुजयने दोनदा पापण्या मिटल्या. चुलत्याच्या नावाला दोनदा. शेवटी शाळेतल्या शिक्षकांची नावं वाचायला घेतली. माझ्या नावाला एकदा.

दार कोणतं, हे मला विचारावं लागलंच नाही. आठवीचा वर्ग, समुद्राकडच्या खिडक्या. तरुणपणी मी एक कविता केली होती, ती त्या दिवशी फळ्यावर लिहिली आणि खाली ‘कवी अज्ञात’ असं टाकलं.

दूर खाडिच्या पल्याड कोणी
दिवा लावुनी बसले आहे;
होडी माझी फुटकी तरिही
त्याच दिशेला वाहत राहे.

दुसऱ्या दिवशी विचारलं, कोणाला पाठ झाली? सुजय उठला. काडीसारखा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला, खिडकीशेजारच्या बाकावरचा. म्हणायला लागला आणि वर्ग गप्प झाला. तिसऱ्या ओळीवर तो थांबला. विसरला असं मला वाटलं. तर माझ्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाला, “सर, ही तुमचीच ना?” आणि मग चौथी ओळ म्हटलीन. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मला ओळखणारा तेवढा एकच.

जेवताना वासंतीला म्हटलं, कवितेचं नातं रक्ताच्या नात्याहून खोल असतं बघ. ती म्हणाली, “असेल. पण बायको हरवलेल्या माणसाला मास्तर कशाला हवा झाला?”

तिला कवितेतलं कळत नाही. बागायतदारांची लेक. आंबा न कापता आत साका, म्हणजे पांढरा नासका गर, आहे की नाही तेवढं बरोबर सांगते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शीतगृहाच्या भिंतींना अजून आंब्याचा आंबूस वास आहे. सुजयकडे बघवत नाही. मनगटाएवढा दंड झालाय. मनगटाएवढा काय, काठीएवढा. डोळे मात्र तेच. मी म्हटलं, काय रे, ओळखलंस? पापण्या एकदा मिटल्या. मला रडू आलं.

डॉक्टरने मला शेजारच्या खाटेवर आडवं केलं, कपाळाला पट्टा लावला आणि हातात खडूचा तुकडा दिला. वस्तू हातात असली की दार पटकन सापडतं म्हणे. वास, स्पर्श, चव, यांच्या मागोमाग आठवण धावते. आत गेल्यावर मात्र सोबत्याने रोग्याच्या मागून चालायचं. तो नेईल तिकडे जायचं. यंत्र चित्र काढत नाही, आवाज टिपत नाही. बाहेर आल्यावर सोबती सांगेल तेवढाच पुरावा.

दुसरी गोष्ट तिने दोनदा सांगितली. दार वापरलं की झिजतं. दोघांच्याही डोक्यातून तो प्रसंग प्रत्येक खेपेला पुसट होत जातो. फार तर तीन खेपा. मी म्हटलं, बाई, माझी ती आठवण चिऱ्याची आहे, झिजायची नाही.

डोळे मिटले आणि वर्ग उभा राहिला. खारा वारा, फळ्यावर माझंच अक्षर. फरक इतकाच, की यावेळी मी बाकावर होतो, सुजयच्या डोळ्यांच्या आत, आणि समोर मी. केवढा तरुण, आणि केवढा खूश! कविता झाली आणि वर्ग विरघळला.

मग त्याने मला बागेत नेलं. ज्ञानेश्वरीला मी पहिल्यांदा बघितलं. हिरवी साडी, खांद्याला पिशवी. ती सड्यावरून पायवाटेने चालली होती, पाठमोरी. काय तो सडा! कातळावर तळहाताएवढीसुद्धा जागा मोकळी नव्हती, सगळीकडे निळी-जांभळी इवली फुलं, मधूनच गुलाबी तेरडा, आणि दगडाच्या खोबणीत साचलेल्या पाण्यात आभाळ. ती एकदाही मागे वळली नाही. उतारावर डोकं दिसेनासं झालं तेव्हा माझ्या, म्हणजे त्याच्या, छातीत काहीतरी घट्ट झालं, आंबट, घशापर्यंत आलेलं. विरह म्हणतात तो हाच. वर्गात जन्मभर शिकवला, आज भोगला.

बाहेर आलो तेव्हा सुजयचे डोळे माझ्यावर होते. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

७ फेब्रुवारी, शनिवार

ठाण्यात जाऊन सांगितलं. फौजदाराने विचारलं, म्हणजे बाई स्वतःच्या पायांनी गेली? मी म्हटलं, फुलांमधून गेली. त्याने ‘स्वतःच्या पायांनी गेली’ एवढंच लिहिलं.

बाकावर काशीबाई होती. लहानखुरी, पदर कानामागे खोचलेला. मला बघून उठली. “गुरुजी, पोर दिसली काय माझी? खरां काय तां सांगा.”

दिसली, म्हटलं. निघून जाताना दिसली.

ती परत बसली. मग म्हणाली, “गेली तर माझ्याकडं आली असती. दुसरीकडं जाणार कुठं?”

आयांना असंच वाटतं. मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी बराच वेळ बसलो.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी खेप. दार उघडलं, पण वर्ग धुरकट होता. सुजय खिडकीच्या बाकावर होता की मधल्या ओळीत, ते आज आठवेना. आवाज मात्र तोच.

आज त्याने मला फार खोल नेलं. बागेच्या टोकाला, जिथे नुसता कातळ आहे, तिथे सुरुंग लावून फोडलेला खड्डा. बाजूला टेंपोतून आणलेल्या तांबड्या मातीचा ढीग आणि एक कलम, हापूसचं, कमरेएवढं, पिशवीतलं. सुजय एकटाच खड्डा भरत होता. माती, मग मीठ. जाड खडेमीठ, पोत्याने ओतत होता. मग पुन्हा माती.

ते मीठ बघितलं आणि माझं सगळं लहानपण उठून आलं. गुहागरला आमची नारळी-पोफळीची वाडी. नवीन माड लावायचा म्हणजे बाबा खड्ड्यात मीठ घालत. वाळवी लागत नाही आणि ओल धरून राहते. मूठभर मीठ ते मला टाकायला देत आणि म्हणत, गोपाळा, झाडाला पहिला घास तुझ्या हातचा. ती मूठ ओलसर होऊन तळव्याला चिकटायची. आज सुजयच्या तळव्याला तशीच चिकटली होती.

त्याने कलम लावलं. पायांनी माती दाबली, खूप वेळ दाबली. भोवती चिरे रचले. ऊन टळटळीत होतं, गवत वाळून सोनेरी झालेलं, आणि वरच्या झाडांच्या मोहोराचा वास. मग चिऱ्यावर बसून त्याने बिडी पेटवली आणि अचानक छाती हलकी झाली. पेपर देऊन बाहेर पडलेल्या पोरासारखी. गेलेल्या माणसाच्या नावाने झाड लावावं आणि दुःख मातीला देऊन मोकळं व्हावं, याहून मोठी कविता कोणती?

डॉक्टरला हे सांगताना आवाज फुटला. सुजयने डोळे मिटून घेतले होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फौजदाराने जबाब घेतला. मी सावकाश, वाक्यं जुळवून सांगितलं. बायको निघून गेली, त्याने तिच्या आठवणीसाठी कलम लावलं. सही केली. तो म्हणाला, “बरं झालं सर. आता हे प्रकरण ‘स्वखुशीने निघून गेली’ म्हणून वर पाठवतो. त्या म्हातारीला पण उगाच हेलपाटे नकोत.”

काशीबाईला मीच समजावलं. म्हटलं, ताई, पाखराला पंख फुटले की... वगैरे. ती ऐकून घेत होती. शेवटी फक्त एवढंच बोलली, “तुम्ही बघितलात म्हणता, तर मी काय बोलू.” आणि एसटी स्टँडकडे चालायला लागली. बरं वाटायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार



आज दुपारी वासंती विळी घेऊन फणसाच्या कुयरीची भाजी चिरत होती, तेल लावलेल्या हातांनी. मी झोपाळ्यावर. आनंदात होतो म्हणून तिला कलमाची गोष्ट सांगितली. डॉक्टरला सांगितली, फौजदाराला सांगितली, घरात राहिलीच होती. फौजदाराला मिठाचं सांगितलं नव्हतं, ते कोरड्या माणसाला काय कळणार म्हणून. वासंतीला सांगितलं. बाबांची मूठसुद्धा सांगितली.

तिची विळी थांबली.

“कलमाच्या खड्ड्यात मीठ?”

म्हटलं, हो, पोतंभर.

“अहो, मीठ माडाला. आंब्याला कोण घालतो? मुळं जळतील. चार दिवसांत कलम मरेल.”

म्हटलं, दुःखात माणूस चुकतो.

“बागायतदार चुकत नाही. दारूच्या नशेत चुकत नाही.” मग तिने विचारलं, “वर मोहोर होता म्हणालात ना? गवत वाळलेलं? म्हणजे पौष. पौषात कातळावर कलम लावतो कोण? कलम मिरगाला लावायचं, पहिल्या पावसात. आता लावलेल्याला पाणी कुठून देणार, डोक्यावरून?”

विळीवरचा चीक तिने पुसला, सावकाश, पुन्हापुन्हा, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

मग मला आपोआप दुसरी गोष्ट दिसली, कुणी न दाखवता. ज्ञानेश्वरी पौषात नाहीशी झाली. मी तिला जाताना बघितलं ते फुलांतून. साचलेल्या पाण्यातून. सड्यावर ती फुलं भाद्रपदात असतात. पौषात सडा भाजलेल्या भाकरीसारखा असतो. म्हणजे मी बघितलं ते तिचं जाणं नव्हतं. गौरी-गणपतीला आईकडे निघालेली लेक होती ती, आणि त्यानंतर ती परत आली असणार. तोंडाने निसर्गकविता शिकवत आलो आणि समोर ठेवलेला ऋतू ओळखता आला नाही.

ते आंबट, घशापर्यंत आलेलं, विरह नव्हता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री डोळा लागला नाही. त्याने भावाला नाही म्हटलं. चुलत्याला नाही म्हटलं. दोघं बागेत वाढलेले, मीठ बघताच ओळखलं असतं. मला हो म्हटलं. माडाच्या वाडीतला, कविता करणारा, जिथे तिथे झाड दिसलं की गहिवरणारा म्हातारा मास्तर. तिसऱ्या ओळीवर थांबून त्याने तेव्हाही मला बरोबर ओळखलं होतं.

सकाळी वासंतीने विचारलं, काय करणार? म्हटलं, जबाब दिलाय, सही केलीय, यंत्रात चित्र नाही. मी बोललो नाही तर कोणाला कळणार नाही.

“मला कळलंय,” ती म्हणाली. “आणि त्या आईला कळलेलंच होतं.”

पण माझा नुसता तर्क सांगून भागेल का? मीठ आणि मोहोर यांवर कोर्ट कातळ फोडायला देईल का? फौजदाराला फोन केला तेव्हा तो हेच म्हणाला, जरा वैतागून. सर, आधी एक सांगता, मग दुसरं. पक्कं काही बघून या. डॉक्टर म्हणाली, एकच खेप उरली आहे आणि ती झाल्यावर दार राहणार नाही. तुमचा तो वर्ग तुमच्याकडून कायमचा जाईल. आणि संमती पुन्हा घ्यावी लागेल.

वर्ग गेला तर माझ्याकडे काय उरतं? वह्या तपासलेले हात आणि निवृत्तिवेतन. तो दिवस होता म्हणून मी स्वतःला कवी समजत आलो. बाकी कुणी समजलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुजयच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, बाळा, एकदा शेवटचं तुझ्या तोंडून ऐकावीशी वाटते ती कविता. ऐकवशील?

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी हसलो, नेहमीसारखं. पापण्या एकदा मिटल्या.

उजव्या हातात खडू. डाव्या मुठीत घरून आणलेलं मीठ, वासंतीने बरणीतून काढून, थोडं पाणी शिंपडून, फडक्यात बांधून दिलेलं. ते मी डॉक्टरला आधी सांगून ठेवलं होतं. ती फक्त मान हलवून बाजूला झाली.

वर्गाला खिडक्या नव्हत्या. बाकांवर पोरं होती पण चेहरे नव्हते. या खेपेला मी त्याच्या डोळ्यांत नव्हतो, माझ्याच जागी, फळ्यापाशी होतो. तो उभा राहिला आणि म्हणायला लागला. पहिली ओळ. दुसरी. मी ऐकत होतो. खरं सांगतो, ऐकतच राहावंसं वाटत होतं. तिसऱ्या ओळीवर तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात मी डावी मूठ आवळली.

ओलं मीठ तळव्याला चिकटलं. पोराचा चेहरा बदलला. त्याच कोवळ्या आवाजात म्हणाला, “सर, तिकडे नको.”

मी म्हटलं, बस खाली.

आणि गेलो. तो नेत नव्हता, मीठ नेत होतं. कातळ, खड्डा, ऊन. खड्ड्यात माती पडायच्या आधी मी खाली बघितलं. हिरवी साडी नव्हती. घरातला साधा गाऊन होता, पिवळ्या ठिपक्यांचा, आणि एका पायात चप्पल. मी तिथे थांबलो नाही, मागे गेलो. मीठ मागे मागे नेत राहिलं, पोत्यापर्यंत, पोतं ठेवलेल्या पडवीपर्यंत, पडवीतून स्वयंपाकघरापर्यंत. सकाळ होती. ती गॅसपाशी पाठमोरी, चहा गाळत. दाराशी पिशवी नव्हती. ती कुठे निघालीच नव्हती.

पुढचं मी फौजदाराला शब्दन्‌शब्द सांगितलं आहे, कुठल्या खुणेपासून कुठला खड्डा, तेसुद्धा. या वहीत लिहिणार नाही. एवढंच, की ते हात आतून माझे होते. कारण काय म्हणून मी शोधलं. कारण नव्हतं. राग होता, आणि तोही मोठा नव्हता, रोजच्या वापरातला.

बाहेर आलो. सुजयचे डोळे उघडे होते. पापण्या हलत नव्हत्या, एकदा नाही, दोनदा नाही. मी त्याच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

घरी वासंतीने चहा दिला. मी कप तसाच खाली ठेवला. तिने तो उचलून नेला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कातळ फोडला. कलम वाळून काडी झालं होतं. खाली ती सापडली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काशीबाई घरी आली. कुणी आणलं नाही, विचारत विचारत एकटी आली. ओटीवर भिंतीला टेकून बसली, खुर्चीवर बसेना. वासंतीने पाणी दिलं, ते तिने पूर्ण प्यायलं.

मग म्हणाली, “गुरुजी, तुम्ही आत गेलेला होतात. पोरीनं शेवटाला माझं नाव घेतलान काय?”

माझ्या तोंडाशी शब्द तयार होते. चांगले शब्द. आईचं नाव ओठांवर होतं, दूर कुठेतरी बघत होती, चेहरा शांत होता. असं काहीतरी. असले शब्द मी जन्मभर वापरले आणि त्यांतले पंखाचे तर याच बाईवर वापरले होते. वासंती दारात उभी होती.

म्हटलं, “चहा गाळत होती. म्हणाली, सोमवारी आईकडे जाऊन येते. तो काही बोलला नाही. मग म्हणाली, साखर संपल्येय, येताना आणा. एवढंच.”

काशीबाई बघत राहिली. पुढे काही आहे का याची वाट बघत असावी. मी पुढे काही जोडलं नाही.

“साखर लागायचीच तिला,” ती म्हणाली. “चहा कसला, पाक प्यायची.”

आणि मग ती रडली. आवाज न करता, गुडघ्यांवर डोकं ठेवून. वासंती तिच्याजवळ जाऊन बसली. जाताना काशीबाईने माझ्याकडे न बघता सांगितलं, त्या सोमवारी ती लेकीची वाट बघणारच होती, सांगून ठेवलेलं होतं पोरीने. म्हणून तर रोज ठाण्यात येऊन बसायची.

२ मार्च, सोमवार

लांबून शिमग्याचे ढोल ऐकू येतात. फौजदाराचा फोन होता. सुजयवर खटला कसा चालवायचा, ते कोर्टाला कळत नाहीये. जो हलत नाही त्याला कुठे नेणार? त्याला पुढे सोबती नको, असं डॉक्टरने लिहून दिलं. मी गेलो तरी दार नाही.

आज वहीतलं ३ फेब्रुवारीचं पान वाचलं. कविता माझी आहे, अक्षर माझं आहे. आठवीचा वर्ग, समुद्राकडच्या खिडक्या, दुमडलेल्या बाह्यांचा मुलगा. वाचताना चांगलं वाटतं, दुसऱ्याच्या गावचं वर्णन वाचावं तसं. डोळे मिटले की काही येत नाही. खडूसुद्धा धरून बघितला. त्या वर्गाच्या जागी गॅसपाशी पाठमोरी उभी राहिलेली बाई येते आणि चहाचा वास येतो.

वासंतीने विचारलं, काय वाचताय? म्हटलं, एक मुलगा कविता म्हणताना तिसऱ्या ओळीवर थांबला, असं लिहिलंय.

थांबला असेल.